नोव्हेंबरातला पोर्तुगाल

ऑफ-सीझन म्हटलं की आपण आधी पैशांचा हिशेब मांडतो. हॉटेल किती पडलं, विमान किती पडलं. पोर्तुगालला शरद ऋतूत जाताना हा हिशेब दुय्यम समजावा. नोव्हेंबरात तिथे दोनच गोष्टींचा तुटवडा असतो, उजेडाचा आणि कोरडेपणाचा. पैसे सांभाळून फिरलेले लोक थोडे वैतागून परत येतात. उजेड सांभाळून फिरलेले बहुधा पुन्हा जायच्या गोष्टी करतात.

आधी उजेड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे जवळजवळ सगळ्या युरोपात घड्याळं एक तास मागे जातात. त्या दिवसापासून पोर्तुगाल भारताच्या साडेपाच तास मागे असतो, त्याआधी साडेचार. नोव्हेंबरच्या मध्यावर लिस्बनला सव्वासातच्या सुमारास उजाडतं आणि पाच-वीसला सूर्य बुडतो. म्हणजे हातात दहा तास. त्यातले दीड तास जेवणात गेले, आणि बरीच ठिकाणं संध्याकाळी पाच-साडेपाचला बंद होतात, त्यांचा शेवटचा प्रवेश त्याहून अर्धा तास आधी. आपल्याकडची सहलीची सवय म्हणजे नऊ वाजता निवांत नाश्ता आणि साडेदहाला बाहेर. इथे ती अंगाशी येते. उलट करावं. साडेआठला बाहेर पडून एक वाजेपर्यंत जे उघड्यावरचं आहे ते उरकावं: किल्ला, किनारा, गल्ल्या, बागा. दुपारी सावकाश जेवावं. जे छताखाली आहे ते जेवणानंतर. अंधार पडल्यावर शहरं बंद होत नाहीत, पण डोंगर, नदी आणि समुद्र पाहायचे असतील तर ते दुपारी तीनच्या आत.

आता पाऊस. लिस्बनला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा मुंबईत एकट्या जुलैत पडून जातो, त्यामुळे आकडे पाहून मराठी माणूस निर्धास्त होतो. चूक तिथेच होते. तिथला उन्हाळा कोरडा ठणठणीत, जुलैत लिस्बनला जेमतेम चार-पाच मिलिमीटर. वर्षाचा बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते मार्चमध्ये येतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबर हे त्यातले सर्वात ओले महिने. हा पाऊस अटलांटिकवरून पश्चिमेकडून पट्ट्यापट्ट्यांनी येतो. एक पट्टा आला की दोन-तीन दिवस वारा, झडी, राखाडी आभाळ. तो सरकला की लख्ख निळं आकाश आणि सतरा-अठरा अंशांचं ऊन. वारा आडवा असल्यामुळे छत्री उलटी होते. रेनकोट घ्यावा, तोही कमरेखाली येणारा. उत्तरेला पाऊस जास्त, दक्षिणेला कमी. पोर्तोत भिजत असताना आल्गार्वमध्ये ऊन असू शकतं.

यातून नियोजनाचा एकच नियम निघतो: सगळी बुकिंग्ज पक्की करू नयेत. दहा दिवसांची सहल असेल तर लिस्बन आणि पोर्तोची राहण्याची सोय आधी करावी, मधले दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत, किंवा रद्द करता येणारं बुकिंग घ्यावं. पोर्तुगालच्या हवामान खात्याचं, इप्माचं, संकेतस्थळ जिल्ह्याप्रमाणे पिवळा, केशरी, लाल असे इशारे देतं. पिवळ्याला फार घाबरायचं कारण नाही. वाऱ्याचा केशरी इशारा असेल तर लिस्बनजवळच्या सिंत्राचं नाव काढू नये. सिंत्रा डोंगरात आहे, समुद्रावरचे ढग तिथे येऊन अडतात. लिस्बनमध्ये ऊन असताना सिंत्राचा पेना राजवाडा धुक्यात दिसेनासा झालेला असतो, आणि वादळी वाऱ्यात झाडं पडण्याच्या भीतीने तिथल्या बागाच बंद ठेवतात. पेनाचं तिकीट ठराविक वेळेचं असतं. उन्हाळ्यात ते कितीतरी आधी काढावं लागतं. नोव्हेंबरात आदल्या संध्याकाळी अंदाज पाहून काढलं तरी बहुतेक वेळा मिळतं. ऑफ-सीझनची खरी कमाई ही. स्वस्ताई दिसते तेवढी नसते, ठरवायची मोकळीक मात्र भरपूर मिळते.

स्वस्ताईतली एक मेख इथेच सांगायला हवी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास लिस्बनला वेब समिट नावाची तंत्रज्ञानाची मोठी परिषद भरते. 2016 पासून ती तिथेच आहे आणि 70 हजारांच्या आसपास माणसं तिला येतात. त्या चार-पाच रात्रींचे लिस्बनचे हॉटेलदर उन्हाळ्यालाही मागे टाकतात. तारखा आधी पाहाव्यात आणि तो आठवडा पोर्तोत, दोरू नदीच्या खोऱ्यात किंवा दक्षिणेत काढावा. शिवाय शहराचा पर्यटन कर वेगळा. लिस्बनमध्ये 2024 च्या सप्टेंबरपासून माणशी रात्रीला 4 युरो, जास्तीत जास्त सात रात्री, 13 वर्षांखालच्या मुलांना माफ. बुकिंगच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो. चौघा मोठ्यांच्या कुटुंबाला पाच रात्रींचे 80 युरो काउंटरवर मागितले की चेहरे पडतात.

आपल्या दृष्टीने या मोसमाची खरी सोय म्हणजे दिवाळीची सुट्टी. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे आणि भाऊबीज 11 ला, म्हणजे बरोबर सांव मार्तिन्युच्या, तिथल्या संत मार्टिनच्या सणाच्या दिवशी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ पोर्तुगालसाठी सर्वात उत्तम. त्याआधी उन्हाळ्याची गर्दी पुरती ओसरलेली नसते, त्यानंतर पावसाचं पारडं जड होत जातं.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि अगदी उशिरात उशिरा 15 दिवस आधी. दिवाळीच्या सुट्टीसाठी सप्टेंबरात अपॉइंटमेंट शोधणं म्हणजे रक्तदाब वाढवून घेणं. जुलै-ऑगस्टमध्ये काम उरकावं. मोठ्यांचं शुल्क 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांचं 45, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान 30 हजार युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार तिथे. 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमांवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांच्या ठशांची नोंद सुरू झाली आहे, आणि त्यापायी रांगा लांबतात. लिस्बनला उतरून लगेच पुढचं विमान किंवा रेल्वे गाठायची असेल तर मध्ये तीन तास ठेवावेत.

आता ज्याबद्दल प्रवासाच्या जाहिरातींत अवाक्षर नसतं ते: पोर्तुगालची घरं आतून थंड असतात. बाहेर पंधरा अंश असताना घरातही जवळपास तेवढेच. बर्लिन किंवा लंडनला खोलीत शिरलं की कोट काढावासा वाटतो, इथे घालावासा वाटतो. कारण साधं आहे. ही घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. दगडी किंवा विटांच्या भिंती, त्यात उष्णतारोधक थर नाही, जमिनीला फरशी, जुन्या इमारतींत खिडकीला एकेरी काच, आणि मध्यवर्ती हीटिंग अपवादानेच. त्यात भर हवेतल्या दमटपणाची. गादी हाताला ओलसर लागते, कपाटात बुरशीचा वास येतो. हॉटेलात वातानुकूलन उलटं चालवून गरम हवा मिळते, त्यामुळे फारसं जाणवत नाही. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये मात्र पुरतं जाणवतं.

अपार्टमेंट निवडताना म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सोयींच्या यादीत नुसतं 'हीटिंग' लिहिलेलं असेल तर नेमकं काय आहे ते मालकाला विचारावं. एसी असेल तर ठीक. चाकांवरचा तेलाचा हीटर असेल तर खोल्या किती आणि हीटर किती, तेही विचारावं. दुसरी, तळमजला टाळावा, ओल तिथेच सर्वात जास्त. तिसरी, खिडक्या दक्षिणेला असाव्यात, कारण या दिवसांत सूर्य दक्षिणेकडूनच खाली खाली फिरतो आणि उत्तरेकडच्या खोलीत ऊन येतच नाही.

त्यातच एक घरगुती भानगड दडलेली असते. तिथल्या घरांना विजेचा ठराविक भार मंजूर असतो, आणि छोट्या अपार्टमेंटला तो बऱ्याचदा 3.45 केव्हीए, म्हणजे साधारण साडेतीन हजार वॉटच असतो. हीटर दोन हजार वॉटचा, पाणी उकळायची विजेची किटली दोन हजार वॉटची. सकाळी सगळ्यांना एकदम चहा आणि ऊब हवी असते, आणि घर अंधारात जातं. घाबरू नये. एक उपकरण बंद करावं, दाराजवळच्या पेटीतला मुख्य स्विच पुन्हा वर करावा. तेवढ्याने वीज आली नाही तर बाहेरच्या मीटरने पुरवठा तोडलेला असतो. मग मुख्य स्विच खाली करून काही मिनिटं थांबावं आणि पुन्हा वर करावा. हीटर, किटली, ओव्हन आणि वॉशिंग मशीन यांपैकी एका वेळी एकच चालवायचं, एवढं लक्षात ठेवलं की प्रश्न मिटतो. व्होल्टेज आपल्यासारखंच 230. आपल्या मोबाइल चार्जरची दोन गोल पिनांची प्लग तिथे बसते, तीन पिनांची बसत नाही.

धुतलेले कपडे हा दुसरा घोळ. बहुतेक घरांत वॉशिंग मशीन असतं, ड्रायर नसतो. नोव्हेंबरात दोरीवरची जीन्स तीन दिवस वाळत नाही. प्रत्येक वस्तीत नाण्यांवर चालणारी धुलाईची दुकानं असतात. घरात धुऊन फक्त वाळवायला तिथे न्यावं, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. सुती कपड्यांपेक्षा पातळ लोकर आणि सिंथेटिक कपडे न्यावेत. अंगावर एक जाडजूड कोट चढवण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण उन्हातल्या आणि सावलीतल्या हवेत खूप फरक असतो.

आणि बूट. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या पांढऱ्या चौकोनी दगडांचे आहेत, मध्ये काळ्या बसाल्टची नक्षी. शेकडो पावलांनी ते घासून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की त्यावर, आणि त्यातही उतारावर, पाय ठरत नाही. ट्रामच्या लोखंडी रुळांवर तर अजिबात पाऊल टाकू नये. चामडी तळाचे बूट आणि झिजलेले स्नीकर्स घरीच ठेवावेत. मऊ रबरी तळ, खोल खाचा, आणि नव्याकोऱ्या बुटांऐवजी महिनाभर वापरलेले. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर लिस्बनच्या जुन्या आल्फामा भागातल्या पायऱ्या चढाव्यात आणि उतरताना ट्राम किंवा बस घ्यावी. उलटं करू नये, घसरायला होतं ते उतरताना.

या काळात देश पर्यटकांसाठी नव्हे, स्वतःसाठी जगत असतो, हे दोन तारखांना नीट दिसतं. 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, सरकारी सुट्टी. त्याआधीचा आठवडाभर फुलांच्या दुकानांत शेवंतीच शेवंती. लोक ती आपल्या माणसांच्या थडग्यांवर वाहतात. आपल्याला शेवंती म्हणजे देवघर आणि लग्नाचे हार, पण तिथे कोणाच्या घरी जाताना शेवंतीचा गुच्छ नेऊ नये. याच दिवशी 1755 साली सकाळी पावणेदहाच्या सुमारास, माणसं चर्चमध्ये असताना, लिस्बनला भूकंप झाला. मग समुद्र आत आला, मग आगी लागल्या. कार्मुच्या मठाचं छत तेव्हा पडलं ते पुन्हा घातलंच नाही. आजही कमानींच्या वर आकाश आहे आणि पाऊस थेट आतल्या गवतावर पडतो. खालच्या बायशा भागातले सरळ, काटकोनी रस्ते भूकंपानंतरचे. राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने शहर पुन्हा उभं करताना तिथल्या इमारतींच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा घातला, हादरा बसला तर इमारत डुलावी पण कोसळू नये म्हणून.

दुसरी तारीख 11 नोव्हेंबर, सांव मार्तिन्यु. संत मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा फाडून दिला आणि लगेच ऊन पडलं, अशी कथा. म्हणून या सुमाराला पावसात जी उघडीप मिळते तिला सांव मार्तिन्युचा उन्हाळा म्हणतात. दरवर्षी तो येतोच असं नाही, पण लोक त्याची वाट पाहतात. त्या दिवशी नव्या वाइनची पिंपं उघडतात आणि चेस्टनट भाजतात. तेजो नदीकाठच्या गोलेगां गावात घोड्यांचा मोठा मेळा भरतो.

चेस्टनटची गाडी जवळून बघण्यासारखी असते. चाकांवर एक पत्र्याचं धूड, आत कोळसा, वर तळाला भोकं असलेलं मातीचं मडकं. प्रत्येक चेस्टनटच्या फुगीर बाजूला सुरीने आडवा काप दिलेला असतो, आणि तो नुसत्या सालीपुरता नाही, आतल्या पातळ पापुद्र्याच्या पार. काप नसेल तर आतल्या वाफेने ते फुटतं, कधी कधी चांगलंच उडतं. मडक्यात चेस्टनट आणि मूठभर जाडं मीठ. पंधरा-वीस मिनिटं ते मडकं सतत हलवलं जातं. मीठ आणि राख मिळून सालीवर पांढुरकी भुकटी धरते, तीच नीट भाजल्याची खूण. काळी आणि चकचकीत साल म्हणजे घाईचा माल. 'गरम आणि छान' अशा अर्थाची आरोळी चाललेली असते. विक्री डझनावर, कागदाच्या पुडीत. काही ठिकाणी पुडीला दोन कप्पे असतात, दुसरा सालींसाठी. सोलायचं ते गरम असतानाच, कारण गार झालं की आतला तुरट पापुद्रा गराला चिकटून बसतो. चवीला भाजलेल्या रताळ्याच्या जवळचं, पण जास्त कोरडं. तेलकट अजिबात नाही, पिष्टच सगळं. बटाटा आणि मका येण्याआधी उत्तर पोर्तुगालच्या डोंगराळ भागात गरिबाचं पोट यावरच भरत असे. आजही बराचसा माल तिथूनच, त्राझ-उश-मोंतिश भागातून येतो.

घरी भाजायचे असतील तर बाजारातून आणून आधी पाण्यात टाकावेत. तरंगतील ते किडके, फेकून द्यावेत. मग काप देऊन ओव्हनमध्ये 200 अंशांवर पंचवीस मिनिटं. बरोबर जेरोपिगा घेतात. आंबवण सुरू होण्याआधी किंवा जेमतेम सुरू झाल्यावर द्राक्षरसात मद्यार्क घालून ती करतात, गोड असते आणि कळायच्या आत चढते.

दोरूचं खोरं हा या मोसमातला सर्वात भरगच्च भाग. द्राक्षांची तोड सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांतली पानं रंग बदलतात. द्राक्षाच्या जातीप्रमाणे एक पट्टा पिवळा, शेजारचा तांबडा, मध्येच एखादा जवळजवळ जांभळा. या प्रदेशाच्या सीमा 1756 सालीच सरकारी आदेशाने आखल्या गेल्या. वाइनसाठी इतक्या जुन्या अधिकृत सीमा जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. रंग मात्र बेभरवशाचा. एका जोरदार वादळात पानं गळतात आणि उघड्या काटक्या उरतात.

रेल्वेने जायचं तर पोर्तोच्या सांव बेंतु किंवा कांपान्यां स्थानकावरून दोरू लाइन पकडावी. शेवटचं स्थानक पोसिन्यु, साधारण पावणेदोनशे किलोमीटर, साडेतीन तासांच्या आसपास. पहिला तासभर उपनगरं आणि शेतं, नदी दिसतच नाही, आणि नवखी माणसं इथेच मोबाइलमध्ये डोकं घालतात. पाला स्थानकाच्या आसपास रुळ नदीला येऊन मिळतात, मग पाण्याला चिकटूनच जातात. पोर्तोहून जाताना उजव्या हाताला बसावं, नदी त्याच बाजूला. फेर्रादोझाजवळ पुलावरून गाडी नदी ओलांडते, मग नदी डावीकडे येते. प्रादेशिक गाडीत जागा राखीव नसतात, म्हणून सुटण्याच्या पंचवीस मिनिटं आधी फलाटावर असावं. मार्गावर कामं चालू असतील तर काही टप्पा बसने नेतात, आणि बसमधून ती नदी तशी दिसत नाही. तिकीट काढण्याआधी रेल्वेच्या संकेतस्थळावर तेवढं तपासावं. वयाची 65 पूर्ण असतील तर पासपोर्ट दाखवून निम्म्या दरात तिकीट मिळतं.

वेळेचं गणित असं. खोऱ्यात सकाळी दहा-अकरापर्यंत धुकं बसतं, त्यामुळे अगदी पहाटेची गाडी धरून फायदा नाही. नऊच्या सुमाराची गाडी धरली की बाराच्या आत खोऱ्यातल्या पिन्यांव गावाला पोहोचता येतं, धुकं उठलेलं असतं. पिन्यांवचं स्थानक आतून नव्हे, बाहेरून बघायचं. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांत द्राक्षतोडीची चित्रं आहेत, 1937 सालची. परतीची गाडी तीनच्या आसपासची घ्यावी. साडेचारची घेतली की निम्मा रस्ता काळ्या काचेकडे बघत काढावा लागतो. एक रात्र पिन्यांव किंवा रेग्वाला राहता आलं तर फारच उत्तम. तोडणीची धांदल संपलेली असल्याने मळेवाल्यांना या दिवसांत बोलायला वेळ असतो. मात्र आधी ई-मेल करून वेळ घ्यावी लागते, अनाहूत पाहुण्यांसाठी फाटक उघडत नाहीत. बोटींच्या फेऱ्या नोव्हेंबरात कमी होत जातात. त्यांच्या भरवशावर दिवस आखू नये.

लिस्बनच्या उत्तरेला नाझरे हे मच्छीमारांचं गाव. ऑक्टोबर ते मार्च इथे जगातल्या सर्वात उंच लाटांपैकी काही उठतात. 29 ऑक्टोबर 2020 ला सेबास्टियन श्टॉयड्नर या जर्मन सर्फरने इथे 26.21 मीटरची लाट घेतली, ती गिनीजच्या नोंदीत आहे. कारण समुद्राच्या तळाशी आहे. किनाऱ्यापासून सुरू होणारी दोनशेहून जास्त किलोमीटर लांबीची दरी, खोल टोकाला पाच किलोमीटरच्या जवळपास. दरीवरून येणारा लाटेचा भाग खोल पाण्यामुळे वेग टिकवतो, शेजारच्या उथळ तळावरून येणारा मंदावतो. दोन्ही भाग वळून दीपगृहाखाली एकमेकांवर चढतात, वर किनाऱ्यावरून परतणारं पाणी आणखी उचल देतं.

पण नोव्हेंबरात गेलं की लाट दिसतेच, हा गैरसमज. बहुतेक दिवशी तिथे दोन-चार मीटरच्या लाटा असतात आणि लोक हिरमुसून परततात. लाटांच्या अंदाजात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: समुद्रात लाटेची उंची पाच-सहा मीटरच्या वर, दोन लाटांमधलं अंतर पंधरा सेकंदांच्या वर, आणि किनाऱ्यावर वारा शांत. उंची आहे पण अंतर आठ-नऊ सेकंद, तर नुसता खवळलेला समुद्र दिसेल, भिंत उभी राहणार नाही. लिस्बनच्या सेत रीउश बसस्थानकावरून जेमतेम दोन तास. दोन दिवस आधी अंदाज पाहून तिकीट काढावं. दीपगृह वरच्या सीतिउ भागातून चालत गाठावं, आणि खालच्या उत्तर किनाऱ्यावर उतरू नये. तिथे पाणी धावत वर येतं आणि ओढून नेतं.

आल्गार्वबद्दल थोडंच. पावसाचा कंटाळा आला की इकडे यावं, मात्र मुक्काम फारू, ताव्हिरा, ओल्यांव, लागुश अशा नांदत्या गावांत. फक्त पर्यटकांवर चालणाऱ्या वस्त्यांत नोव्हेंबरात शटरं खाली असतात, संध्याकाळी जेवायला जागा सापडत नाही. पाणी अठरा अंशांच्या आसपास, धाडसी माणसं उतरतात. जीवरक्षक मात्र बहुतेक किनाऱ्यांवर सप्टेंबरअखेरच उठलेले असतात. पावसानंतर कडे ढासळतात, म्हणून कड्याच्या पायथ्याशी सावलीत बसायचं नाही. कड्याच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवावं.

आलेंतेझूमध्ये, लिस्बनच्या पूर्वेला, उन्हाळ्यात पिवळं ठक्क पडलेलं रान पहिल्या पावसानंतर हिरवं होतं. ओकच्या झाडांखाली काळी डुकरं गळलेली फळं खात हिंडतात. बुचाच्या ओकवर पांढऱ्या रंगात आकडा रंगवलेला दिसतो. साल काढली त्या वर्षाचा तो शेवटचा अंक, कारण पुढची साल नऊ वर्षांनीच काढायची. एव्होरापर्यंत सगळेच जातात. आपण तिथून तासाभरावर असलेलं व्हिला व्हिसोझा सोडू नये. तिथल्या संगमरवरी राजवाड्यात 25 नोव्हेंबर 1638 ला कातारिना द ब्रागांसा जन्मली. 1661 च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण गेली ती हिच्याबरोबर. राजवाडा आत कडक थंड, कोट अंगावरच ठेवावा. सोमवारी बंद असतो. लिस्बनचा जेरोनिमुश मठही सोमवारी बंद, आणि वास्को द गामाचं थडगं तिथे आहे.

खाण्याचं. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण सावध राहावं लागतं. सूप प्रत्येक ठिकाणी असतं, दोन-तीन युरोंत. काल्दु व्हेर्दमध्ये बटाट्याच्या दाट सुपात केसासारखा बारीक चिरलेला कोबीचा हिरवा पाला असतो, आणि वर सॉसेजची एक चकती तरंगते. ती नको म्हणून आधी सांगावं, आणि रस्सा कशाचा तेही विचारावं. कॅफेत काचेआड समोसा दिसतो, गोव्याच्या वाटेने तिथे गेलेला. तो बहुतेक वेळा मांसाचा असतो. जेवणाआधी न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवावं, कोणी रागावत नाही. सार्डिनचा मोसम उन्हाळ्याचा, नोव्हेंबरात भाजलेली सार्डिन बहुतेक गोठवलेली असते. त्यापेक्षा या दिवसांतलं खावं: पर्सिमन, डाळिंब, आक्रोड, क्विन्स फळाची वडी. भाताला आणि डाळीला आसुसलेल्यांनी लिस्बनच्या मार्तीं मोनीझ भागात जावं. आट्यापासून हिरव्या मिरचीपर्यंत सगळं मिळतं.

ऑलिव्हची तोड ऑक्टोबर ते डिसेंबर चालते, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यापासून गावच्या घाण्यांवर आणि बाजारांत नवं तेल येऊ लागतं. रंगाने हिरवट, किंचित गढूळ, आणि घशाला तिखट लागणारं. तो ठसका म्हणजे ताजेपणा, बिघाड नव्हे. बाटलीवर तोडीचं वर्ष छापलेलं असेल तर ते पाहावं, नुसत्या मुदतीच्या तारखेवर जाऊ नये. काचेपेक्षा पत्र्याचा डबा घ्यावा. झाकणावर चिकटपट्टी, मग दोन प्लास्टिक पिशव्या, मग न वाळलेली जीन्स गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मध्यभागी. हातातल्या बॅगेत ठेवला तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.